पान एक्केचाळीसची चिठ्ठी

दोरा तुटला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने मी ती चिठ्ठी वर उचलून धरली होती. पुढच्या क्षणी ती पट्टीवर नुसती पडून होती, पानापासून वेगळी. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि खोलीत मी एकटा होतो.

एवढं लिहायला मला अकरा वर्षं लागली. नोकरीतले किस्से मी मित्रमंडळींत पुष्कळ सांगितले. उलट्या शिवलेल्या पुस्तकाचा सांगितला, पानात चिरडलेल्या नऊशे वर्षांपूर्वीच्या माशीचा सांगितला. गप्पा या गोष्टीच्या जवळ आल्या की मात्र मी चहा टाकायला उठायचो. आता वय त्र्याहत्तर आहे आणि चहा डॉक्टरांनी कमी करायला सांगितलाय.

मी शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर. अमेरिकेत आल्यावर बरीच वर्षं स्कॅनर बनवणाऱ्या एका कंपनीत काढली. आमचं डिपार्टमेंट बंद झालं, तेव्हा मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठाच्या लायब्ररीत, इमेजिंग लॅबमध्ये लागलो. काम एका वाक्यात सांगण्यासारखं: जुन्या हस्तलिखितांचे फोटो काढायचे. पुस्तक फोमच्या पाळण्यात ठेवायचं, वरून कॅमेरा, बाजूला रंग तपासायची पट्टी. एक पान, एक क्लिक. लोकांना वाटतं आम्ही पांढरे हातमोजे घालतो. घालत नाही. मोज्यातून पानाची जाडी कळत नाही आणि पान फाटतं. हात स्वच्छ धुवून कोरडे करायचे, बस्स.

लॅबचा पहिला नियम दारामागे चिकटवलेला होता. आधी फोटो, मग हात. म्हणजे वस्तू जशी आली तशी आधी टिपायची, आणि मगच तिला स्पर्श करायचा. काही सुटलं, फाटलं, तर थांबायचं, बॉसला बोलवायचं आणि इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा.

त्या सकाळी मी आधी हात लावला.

कारण अगदी क्षुल्लक होतं. चिठ्ठीखाली तीन ओळी झाकल्या जात होत्या, त्यामुळे दोन फोटो हवे होते: एक चिठ्ठी पानावर असताना, एक ती उचलून. लाइट असा लागला होता की उचललेला फोटो छान येईल. म्हटलं तो आधी घेऊ, पहिला मागाहून घेऊ. नऊ वर्षांत एकदाही अपघात न झालेल्या माणसालाच अशी हुशारी सुचते.

हे पुस्तक कसलं होतं ते सांगायला हवं, आणि ते मला शाल्मलीने जसं सांगितलं तसंच सांगतो.

शाल्मली मूळची सोलापूरची. आमच्याच विद्यापीठात मध्ययुगीन इतिहासात पीएच.डी. करत होती. या विषयात मराठी मुलगी म्हणून आम्हा सगळ्यांना अप्रूप, आणि तिला त्या अप्रूपाचा कंटाळा. एका शनिवारी माझ्या बायकोने, सुधाने, तिला जेवायला बोलावलं होतं. थालीपीठं चालली होती.

"पण सोलापूरच्या मुलीला बिशपचं काय पडलंय गं?" सुधाने विचारलं.

"काकू, सोलापूरच्या मुलाला जावा प्रोग्रॅमिंगचं काय पडलेलं असतं? ते कुणी विचारत नाही."

सुधा हसली आणि तिच्या पानात आणखी एक थालीपीठ वाढलं.

"बिशप म्हणजे काय नक्की?" मी विचारलं. "मोठा पाद्री ना?"

"नुसता पाद्री नाही हो काका. एका अख्ख्या प्रांताच्या चर्चचा प्रमुख. तहसीलदार, न्यायाधीश आणि शाळा तपासनीस, सगळं एकात. नवरा-बायकोचं भांडण त्याच्याकडे, पाद्र्याने दारू पिऊन गोंधळ घातला की त्याच्याकडे. आणि गंमत म्हणजे त्याच्याकडे कायद्याचं एक असं पुस्तकच नव्हतं."

"मग निवाडा कशावरून करायचा?"

"जमवायचा! शेकडो वर्षांत धर्मसभांनी केलेले ठराव, पोपची पत्रं, जुन्या संतांची वचनं, कुठल्या पापाला किती दिवस उपास त्याच्या याद्या. हे सगळं विखुरलेलं. मग बिशप शेजारच्या बिशपला लिहायचा, तुमची वही जरा पाठवा. आपल्या कारकुनांकडून उतरवून घ्यायचा. नको ते गाळायचा, हवं ते घालायचा. त्याची वही बघून तिसरा बिशप आपली करायचा. म्हणून कुठल्याही दोन वह्या सारख्या नाहीत. आणि एकाच वहीत एक कलम म्हणतं हाकलून द्या, पुढचं म्हणतं माफ करा."

"मग खरं कुठलं?"

"दोन्ही. कुठलं कधी काढायचं, ते बिशपने ठरवायचं. वर्षाकाठी सगळ्या पाद्र्यांची सभा भरवायचा, तिथे वाचून दाखवायचा. गावोगाव फिरायचा, चार विश्वासू माणसांना शपथ घालायचा, आणि वहीतून प्रश्न विचारायचा: इथे कुणी खोटी साक्ष दिली आहे का? कुणी बायको टाकली आहे का?"

सुधा उठली आणि ओट्यावरची तिची पाककृतींची वही घेऊन आली. "म्हणजे हीच की," ती म्हणाली.

त्या वहीत निम्म्या कृती तिच्या आईच्या वहीतून उतरवलेल्या होत्या, काही मैत्रिणींकडून आलेल्या. ठिकठिकाणी चिठ्ठ्या टाचणीने टाचलेल्या. भाजणीच्या पानावर तिच्या बहिणीच्या अक्षरातली चिठ्ठी होती: धणे निम्मे. बाकी काही नाही.

शाल्मलीने ती चिठ्ठी नीट पाहिली. खायचं थांबली. "काकू, माझ्या बिशपच्या वहीत अशीच एक चिठ्ठी आहे. एवढीशी. पान एक्केचाळीसवर, दोऱ्याच्या एका टाक्याने शिवलेली. त्या पानावरचं कलम म्हणतं, ज्या पाद्र्याने आपली चूक बिशपपासून लपवली, त्याला पदावरून काढा. आणि चिठ्ठीवर वेगळ्या अक्षरात लिहिलंय, कुणी बोट दाखवण्याआधी तो स्वतःहून येऊन बोलला तर काढू नका, सहा महिने पाव-पाण्यावर ठेवा. कुणीतरी त्याला ते पाठवलं, आणि त्याने ते बरोबर त्याच कलमावर शिवलं. म्हणजे वही नुसती कपाटात नव्हती. माणूस समोर उभा असताना तो ती वापरत होता. माझं आख्खं तिसरं चॅप्टर त्या एका टाक्यावर उभं आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी ते पुस्तक माझ्या पाळण्यात होतं. तेव्हा त्या चिठ्ठीचं महत्त्व मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. ते मला माझ्याच टेबलावर, माझ्याच घरची थालीपीठं खात सांगितलं गेलं होतं.

दोरा तुटल्यावर मी काय केलं, ते क्रमाने लिहितो.

आधी पान एक्केचाळीसचा, चिठ्ठी नसलेला फोटो घेतला. तो छान आला. मग पानात अडकून राहिलेलं दोऱ्याचं टोक चिमट्याने ओढून काढलं. चिठ्ठीतला उरलेला दोराही काढला. एक्केचाळीसवर चिठ्ठी सुटी मिळाली असं लिहिलं असतं, तर तुटलेला दोरा कुणीतरी शोधला असता. म्हणून ती मी चव्वेचाळीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये, अगदी शिवणीच्या खोबणीत सरकवली, तिथे तिचा फोटो घेतला आणि कंडिशन रिपोर्टवर लिहिलं: एक सुटी चिठ्ठी, ४४-४५ च्या दरम्यान. कंडिशन रिपोर्ट म्हणजे वस्तू आली तेव्हा कशी होती याची नोंद. खाली सही केली. दोऱ्याचे दोन तुकडे एका पाकिटात घालून खिशात ठेवले. फेकवले नाहीत.

दुपारी बॉस आली. डोना. कडक बाई, पण न्यायी. रिपोर्ट चाळता चाळता तिने विचारलं, "विनय, ही चिठ्ठी आली तेव्हाच सुटी होती?"

"हो," मी म्हणालो.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, याचा मी पुढे फार विचार केला. एक फॉर्म भरावा लागला असता. दोन दिवस डोना माझ्याशी तुटक बोलली असती. बस्स. एवढ्यासाठी.

चार महिन्यांनी फोटो वेबसाइटवर आले. शाल्मलीने तोवर तिसरं चॅप्टर लिहून तिच्या गाइडकडे, प्रोफेसर व्हिटलकडे दिलं होतं. व्हिटलनी फोटो उघडून पाहिले. तिच्या लिखाणात चिठ्ठी एक्केचाळीसवर शिवलेली, आणि फोटोत चव्वेचाळीसनंतर सुटी. त्यांनी लॅबमध्ये मीटिंग बोलावली. आम्ही चौघं: ते, डोना, शाल्मली आणि मी. मध्ये टेबलावर पुस्तक.

"मी ती शिवलेली पाहिली आहे," शाल्मली म्हणाली. "माझ्या नोट्समध्ये तारखेसह आहे." त्या काळी रीडिंग रूममध्ये फोन नेता येत नसे. तिच्याकडे पेन्सिलीने काढलेलं एक लहानसं चित्र होतं. पान, चिठ्ठी, टाका.

"हे चित्र आहे," व्हिटल म्हणाले. "आणि हा फोटो आहे."

"मग छिद्रं बघा. एक्केचाळीसच्या कडेला सुईची दोन छिद्रं आहेत."

व्हिटलनी भिंग धरलं. छिद्रं होती. पण चर्मपत्रावर ओळी आखण्यासाठी पूर्वी कडेला टोच्याने छिद्रं पाडत. कागद नव्हे, ताणून वाळवलेलं कातडं ते. प्रत्येक पानाच्या कडेला अशी वीस-पंचवीस छिद्रं. त्यात कुठली दोन सुईची?

"दोरा असता तर गोष्ट वेगळी होती," ते म्हणाले.

पाकीट तेव्हा घरी माझ्या टेबलाच्या खणात होतं.

डोना म्हणाली, "विनयने नऊ वर्षांत एकही पान दुखावलेलं नाही." तिला माझी बाजू घ्यायची होती. मग तिने पुस्तकाच्या देवघेवीचं रजिस्टर उघडलं. लॅबमध्ये येण्याआधी पुस्तक शेवटचं कुणी पाहिलं होतं? शाल्मलीने. त्याआधी दोन वर्षं कुणीच नाही. व्हिटलनी भिंग खाली ठेवलं. संशय कुणावर, ते कुणी म्हणायची गरज नव्हती.

शाल्मलीचा चेहरा उतरला. मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलली. त्या खोलीत ते आम्हा दोघांनाच कळणार होतं.

"काका, तुमच्याकडे आली तेव्हा ती खरंच सुटी होती?"

"सुटीच होती गं."

"नक्की?"

तिने आवाज चढवला नव्हता. उलट खाली आणला होता. आज मला कळतं की ती मला जाब विचारत नव्हती. ती मला वाट करून देत होती. इतरांना न कळता आम्ही दोघं काहीतरी ठरवू शकलो असतो. मी नंतर डोनाला एकट्याने भेटू शकलो असतो. कुणी बोट दाखवण्याआधी.

"नक्की," मी म्हणालो.

तिला रीडिंग रूममध्ये एकटीने हस्तलिखित बघायची परवानगी बंद झाली. लेखी आरोप झाला नाही. नुसतं शेजारी कुणीतरी बसायला लागलं. तिसरं चॅप्टर प्रबंधातून काढावं लागलं. ते निघाल्यावर चौथ्याला अर्थ उरला नाही. पुढच्या उन्हाळ्यात ती एम.ए. घेऊन बाहेर पडली. बेलव्ह्यूला एका टेक कंपनीत तिला नोकरी लागली. जाताना ती आमच्याकडे कुकर आणि दोन कुंड्या ठेवून गेली. सुधाने तिला लाडू बांधून दिले. "एवढी हुशार मुलगी, अर्धवट का सोडलं गं?" असं सुधाने विचारलं तेव्हा मी कुंड्यांना पाणी घालत होतो. सुधाला मी कधीच काही सांगितलं नाही.

मी रिटायर झाल्यावर आम्ही न्यू जर्सीला मुलीजवळ राहायला आलो. चार वर्षांपूर्वी आयसेलिनला ओक ट्री रोडवर, साडीच्या दुकानाबाहेर, मागून हाक आली.

"काका! ओळखलंत का?"

शाल्मली होती. दिराच्या लग्नाची खरेदी करायला आली होती. कडेवर लहान मुलगी. सुधा आत फॉल-बीडिंगचा हिशेब विचारत होती. आम्ही फुटपाथवरच उभे राहिलो.

"अजून फोटो काढता का?"

"आता फक्त नातीचे."

ती हसली. मग म्हणाली, "काका, त्या वेळी मी तुम्हाला उगाच सगळ्यांसमोर अडचणीत आणलं. नक्की, नक्की करत बसले. मला फार दिवस वाईट वाटत होतं."

सुधा येतेय का, म्हणून मी दुकानाच्या दाराकडे पाहिलं.

"माझंच चुकलं असणार," ती म्हणाली. "मला तो टाका तिथे इतका हवा होता ना, की मला तो दिसला. चित्रसुद्धा काढलं मी! मग वाटलं, जिला आपल्या डोळ्यांवर भरवसा नाही तिने इतिहास कशाला करावा? सोडलं ते बरंच झालं."

त्या मुलीचे डोळे मी तिच्याकडून काढून घेतले होते. आणि तीच माझी माफी मागत होती.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ दे गं. होतं असं."

तेवढ्यात सुधा पिशव्या घेऊन बाहेर आली आणि दोघी गळ्यात पडल्या.

मागच्या वर्षी सुधा गेली. महिन्याभराने आमच्या मुलीने, नेहाने, आईच्या वहीची पीडीएफ करून सगळ्या नातेवाइकांना पाठवायचं ठरवलं. टाचण्या गंजल्या होत्या, म्हणून तिने त्या काढल्या. चिठ्ठ्या नीट एकावर एक रचून शेवटी वेगळ्या स्कॅन केल्या. मला आयपॅडवर दाखवायला आणलं. अकराव्या चिठ्ठीवर होतं: धणे निम्मे.

"बाबा, हे कशाचं आहे?"

"तू ती काढलीस कशाला?" मी ओरडलो. इतका मोठ्याने की नात दुसऱ्या खोलीतून आली.

"बाबा, काम डाउन! ती नुसती एक चिठ्ठी आहे."

"फोटो काढलास का आधी? काढायच्या आधी?"

"कशाचा फोटो? बाबा, तुम्हाला काय झालंय?"

मला जे झालं होतं ते तिला कसं सांगणार? मी तिला भाजणीचं पान उघडून दिलं. टाचणीच्या गंजाचे दोन ठिपके तिथे होते. नशीब, टाचणी गंजते. दोरा गंजत नाही.

त्या आठवड्यात मी लायब्ररीला पत्र लिहिलं. डोना रिटायर झाली होती. नव्या तरुण बॉसला सगळं क्रमाने कळवलं, जसं वर लिहिलं आहे तसं, आणि पाकीट सोबत पाठवलं. तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. चिठ्ठीच्या भोकात एक तंतू अडकलेला होता, तो माझ्या दोऱ्याशी जुळला. पान एक्केचाळीसच्या कडेच्या दोन छिद्रांतही तसाच तंतू सापडला. वेबसाइटवर नोंद बदलली आहे. आता तिथे लिहिलं आहे: चिठ्ठी मुळात पान ४१ वर शिवलेली, इमेजिंगच्या वेळी सुटली. स्पष्ट कळवल्याबद्दल त्याने माझे आभार मानले होते. शिक्षा काही नाही. रिटायर झालेल्या माणसाला कोण पाव-पाण्यावर ठेवणार?

नोंदीत शाल्मलीचं नाव नाही. कुणाचं म्हणणं खरं ठरलं, हे कंडिशन रिपोर्टमध्ये लिहायला रकाना नसतो. व्हिटलना मी ईमेल पाठवली. ती परत आली. तो पत्ता आता बंद होता.

या धंद्यात नवीन येणाऱ्याला मी एवढंच सांगेन, दारामागे लिहिलेलं खरं आहे. आधी फोटो, मग हात. आणि हात आधी गेलाच, तर त्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलेलंही खरंच असतं, पण त्याचा उपयोग ज्याला व्हायचा तो माणूस तोवर दुसऱ्या गावी राहायला गेलेला असतो.

तिला पत्र लिहायचं मी तीनदा ठरवलं. मग वाटलं, हे पत्रात लिहिण्यासारखं नाही, निदान आवाज तरी ऐकू जावा. गेल्या रविवारी दुपारी बेलव्ह्यूला फोन लावला. समोर कागद ठेवला होता. त्यावर पहिलं वाक्य लिहिलं होतं: शाल्मली, तू पाहिलंस ते बरोबर होतं.

फोन तिच्या मुलीने उचलला. "आई! समवन इज कॉलिंग. कुणीतरी काका."

मग शाल्मलीचा आवाज. "काका! अरे वा! कसे आहात? एकटे राहता की नेहाकडे? काकूंचं कळलं तेव्हा मी फोन करणार होते, राहूनच गेलं. मला माफ करा हं काका."

पुन्हा तीच.

मी म्हणालो, नेहाकडे असतो. ती म्हणाली, काकूंच्या थालीपिठाची चव अजून आठवते. मी म्हणालो, भाजणीत धणे निम्मे घालायचे. ती म्हणाली, लिहून ठेवते. मागे मुलगी तिला कशासाठी तरी बोलावत होती. कागद माझ्या हातात होता.

"काका, काही काम होतं का?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हणालो. "सहजच."